चार दिवसांचे पाहुणे आणि चाळीस वर्षांचे बाबा

(सेवाकार्यासाठी आपला काही काळ देऊ इच्छिणारे तरुण कार्यकर्ते व त्यांचे पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



सेवाकार्याविषयीची आस्था आपल्या समाजात वाढते आहे, ही निःसंशय समाधानाची गोष्ट आहे. सुट्टी लागली की शहरातील तरुणांचे गट वनवासी पाड्यांवरील वसतिगृहांत जातात. सुखवस्तू कुटुंबे मुलांचा वाढदिवस अनाथालयात साजरा करतात. दिवाळीत सेवावस्त्यांमध्ये फराळ पोहोचतो, जूनमध्ये वह्या-दप्तरे पोहोचतात. पाश्चात्त्य देशांमध्येही अशी प्रथा आहे. तेथील चर्चच्या वतीने तरुणांचे गट आठ-पंधरा दिवसांसाठी आफ्रिकेत, लॅटिन अमेरिकेत, आशियात जातात, अनाथालयांतील मुलांमध्ये राहतात, एखादी भिंत रंगवतात आणि परत येतात. त्यांच्याकडे याला ‘मिशन ट्रिप’ म्हणतात. आपल्याकडे नाव वेगळे असेल, परंतु दोहोंची घडण पुष्कळशी सारखीच आहे.

या सर्वांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु सेवेचा विचार हेतूपाशी थांबत नाही. ज्याची सेवा करावयाची, त्याच्या जीवनात त्या सेवेने काय घडले, हे पाहिल्यावाचून तो पूर्ण होत नाही. म्हणून एक प्रश्न स्पष्टपणे विचारावयास हवा : या चार दिवसांचा लाभ कोणाला होतो? जाणाऱ्याला होतो, हे निश्चित. त्याची दृष्टी विस्तारते, आपल्याला किती मिळाले आहे याची जाणीव होते, क्वचित आयुष्याची दिशाही बदलते. पण ज्या मुलाकडे तो गेला, त्या मुलाला काय मिळते?

मुलाच्या बाजूने पाहताना

बालगृहाला भेट देऊन आलेली मंडळी एक अनुभव हमखास सांगतात. “मुलांनी किती पटकन जीव लावला! तासाभरात गळ्यात पडली, निघताना सोडेनात.” हे सांगताना त्यांचे डोळे पाणावतात, आणि ते खोटे नसते. परंतु आपल्याच घरातील चार वर्षांच्या मुलाचे काय होते ते आठवावे. अनोळखी पाहुणा आला की ते आईच्या पदराआड जाते, दारामागून डोकावते आणि पुष्कळ वेळाने जवळ येते. हक्काचे माणूस पाठीशी असलेल्या मुलाचे हे लक्षण आहे. ज्याला कोणाचाही पदर धरण्याची सवय नाही, तेच मूल पहिल्या तासात परक्याच्या गळ्यात पडते. जे आपण प्रेम म्हणून सांगतो, ती अनेकदा प्रेमाची भूक असते. आणि चार दिवसांनी पाहुण्यांची गाडी निघून जाते, तेव्हा ही भूक तशीच राहते. वर आणखी एक माणूस सोडून गेल्याचा अनुभव त्या मुलाच्या गाठीशी जमा होतो.

ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९५१ साली एक अहवाल लिहिला. युद्धोत्तर युरोपात निराधार झालेल्या मुलांचा प्रश्न त्यामागे होता. मुलाच्या मानसिक आरोग्यासाठी आईशी, अथवा कायम आईच्या जागी असणाऱ्या व्यक्तीशी, जिव्हाळ्याचे आणि अखंड नाते आवश्यक असते, हे त्या अहवालाचे सार होते. त्यातील ‘अखंड’ हा शब्द फार महत्त्वाचा आहे. दहा प्रेमळ माणसांनी पाळीपाळीने येऊन जाणे आणि एका साध्यासुध्या माणसाने कायम असणे, यांत मुलाच्या लेखी जमीन-अस्मानाचा फरक आहे. आपल्या आजी-आयांना हे शास्त्रावाचून ठाऊक होते.

अल्पकालीन सेवायात्रांचे दुसरे अंग याहून गंभीर आहे. पाहुणे येतात, त्यांच्यासोबत देणग्या येतात. आणि देणग्या येऊ लागल्या की मुलांची ‘गरज’ निर्माण होते. कंबोडिया या देशात २००५ ते २०१० या पाच वर्षांत अनाथालयांची संख्या सुमारे ७५ टक्क्यांनी वाढली. त्या काळात तेथे अनाथ मुले वाढली नव्हती, परदेशी पर्यटक आणि स्वयंसेवक वाढले होते. त्या संस्थांतील बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात होते. शिक्षणाच्या आणि दोन वेळच्या अन्नाच्या आशेने आईबापांनी आपली मुले तेथे पाठवली होती. नेपाळमध्येही हाच प्रकार उघडकीस आला. अखेर डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कांविषयीच्या ठरावात अनाथालयांतील स्वयंसेवा व पर्यटन यांमुळे होणाऱ्या हानीची नोंद घेतली. गरीब आईच्या हाती चार पैसे दिले असते तर जे मूल घरीच राहिले असते, ते पाहुण्यांच्या समाधानासाठी अनाथ ठरवले गेले. सेवेच्या नावाखाली याहून मोठा अन्याय कोणता?

मग काय, कोणी कोठे जाऊच नये? तसे मुळीच नाही. या प्रश्नाचे उत्तर आपल्याच परंपरेत, आणि तेही शंभरहून अधिक वर्षांपूर्वी, एका संन्याशाने आपल्या आयुष्याने देऊन ठेवले आहे.

वाटसरू थांबला

रामकृष्ण परमहंसांच्या शिष्यांमध्ये गंगाधर नावाचा एक तरुण होता. १८६४ साली कलकत्त्यात जन्मलेला हा तरुण पुढे स्वामी अखंडानंद या नावाने ओळखला गेला. पायाला भिंगरी असल्यासारखा त्याचा स्वभाव होता. परमहंसांच्या महासमाधीनंतर तो हिमालय ओलांडून तिबेटात गेला. पुढे राजस्थान व गुजरात पायी पालथे घातले. जामनगरला ख्यातनाम वैद्य झंडू भट्ट यांच्याकडे राहून त्यांची रुग्णसेवा त्याने जवळून पाहिली. या भ्रमंतीत त्याला देवळे, पर्वत आणि तीर्थे दिसली, तसे भारतातील दारिद्र्यही दिसले. अमेरिकेत असलेल्या स्वामी विवेकानंदांना त्याने पत्रांतून आपली तळमळ कळवली. दरिद्री आणि अज्ञ यांनाच देव मानून त्यांच्यात जा, त्यांना शिकवा, असे विवेकानंदांनी त्याला कळवले. त्यानुसार खेतडी संस्थानात मुलांच्या शिक्षणासाठी त्याने बरीच खटपट केली. तरीही अद्याप तो परिव्राजकच होता.

१८९७ साल उजाडले. देशाच्या मोठ्या भागात दुष्काळ पडला होता. बंगालमधील मुर्शिदाबाद जिल्ह्यातून पायी प्रवास करीत असता दादपूर या गावी अखंडानंदांना एक मुसलमान मुलगी रस्त्यात रडताना दिसली. पाणी भरण्याची घरातली एकुलती एक घागर तिच्या हातून फुटली होती आणि आता घरी मार बसणार, या भीतीने ती रडत होती. त्यांनी जवळच्या थोड्या पैशांतून तिला नवी घागर आणि मूठभर पोहे घेऊन दिले. तोच आजूबाजूची भुकेली मुले त्यांच्याभोवती गोळा झाली. उरलेल्या पैशांचे पोहे त्या मुलांत वाटले गेले आणि झोळी रिकामी झाली.

येथपर्यंत जे घडले ते कोणताही सहृदय वाटसरू करील. आजच्या भाषेत सांगावयाचे तर हे ‘वाटप’ झाले. वाटप करून पुढे जाता आले असते आणि मनाला समाधानही लाभले असते. अखंडानंद पुढे निघालेही. पण पाय पुढे जाईनात. या भुकेल्या माणसांना टाकून जाणे आता शक्य नाही, असा निश्चय मनात होऊन ते जवळच्या महुला या गावी थांबले आणि आपल्या गुरुबंधूंना साहाय्यासाठी पत्रे लिहिली. मे महिन्याच्या मध्यास तेथे अन्नवाटपाचे काम सुरू झाले. रामकृष्ण मिशनची स्थापना त्याच महिन्याच्या १ तारखेला झाली होती. म्हणजे मिशनच्या विराट सेवाकार्याचा आरंभ एका फुटक्या घागरीपासून झाला, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. विवेकानंद त्या वेळी अल्मोड्यास होते. तेथून त्यांनी पत्र लिहून या गुरुबंधूचे मनापासून कौतुक केले.

दुष्काळ ओसरला, धान्य आले आणि वाटपाचे काम संपले. पण ज्या मुलांचे आईबाप दुष्काळाने आणि रोगराईने नेले, ती मुले कोठे जाणार? दुष्काळ संपतो, पोरकेपण संपत नाही. अखंडानंदांच्या ध्यानी हे आले आणि त्यांनी अनाथ मुलांसाठी आश्रम काढला. प्रथम महुला, मग सारगाछीजवळ भाड्याच्या घरात, आणि १९१३ च्या सुमारास सारगाछी येथे स्वतःच्या जागेवर, असा त्या आश्रमाचा प्रवास झाला. तेथे मुलांना अक्षरओळखीबरोबर विणकाम, सुतारकाम, शिवणकाम शिकवले जाई. शेती आणि बागकाम हे तर अखंडानंदांच्या आवडीचे विषय. तो हिवतापाचा प्रदेश होता, आणि स्वामींनाही त्या तापाने वारंवार गाठले. पैशाची ओढगस्त पाचवीलाच पुजलेली. परंतु तिबेट पायी पालथा घालणारा तो भटका संन्यासी एका खेड्यात, काही पोरक्या मुलांसाठी, चार दशके पाय रोवून राहिला. गाव त्यांना ‘बाबा’ म्हणू लागले.

१९३४ साली ते रामकृष्ण मठ व मिशनचे तिसरे अध्यक्ष झाले. गंगाकाठचा बेलूर मठ हे अध्यक्षांचे स्थान. पण बाबांचा मुक्काम बहुतांशी सारगाछीलाच राहिला. ७ फेब्रुवारी १९३७ रोजी त्यांनी देह ठेवला. घागर फुटली तेव्हापासून या दिवसापर्यंत चाळीस वर्षे होत आली होती.

मागणे नसलेली सेवा

सारगाछीच्या या इतिहासातील एक प्रकरण आपण सर्वांनी लक्षपूर्वक अभ्यासावे असे आहे. अनाथालय सुरू होत असताना विवेकानंदांनी १८९७ च्या ऑक्टोबरात अखंडानंदांना पत्र लिहिले. मुसलमान मुलांनाही आश्रमात अवश्य घ्यावे, त्यांच्या खाण्यापिण्याची वेगळी व्यवस्था करावी, परंतु त्यांच्या धर्माला कदापि हात लावू नये, असा त्या पत्राचा स्पष्ट आशय आहे. हे लिहिणारा पुरुष हिंदुत्वाच्या अभिमानात कोणाहून उणा नव्हता. शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेत हिंदू धर्माची पताका उभारून तो नुकताच मायदेशी परतला होता.

गरीब मुलाला अन्न, औषध वा शिक्षण द्यावयाचे आणि त्याच्या मोबदल्यात त्याची श्रद्धा मागावयाची, या व्यवहारास आपण सातत्याने आक्षेप घेत आलो आहोत, आणि तो रास्तच आहे. भुकेल्या मुलाला नकार देता येत नाही. जेथे नकाराची शक्यताच नाही, तेथील होकाराला अर्थ नसतो. परंतु हा निकष खरा मानावयाचा तर तो प्रथम स्वतःला लावावा लागेल. मुलाकडून श्रद्धा मागणे जसे चूक, तशीच कृतज्ञता मागणेही चूक. पाहुणे आले की रांगेत उभे राहून स्वागतगीत म्हणावयास लावणे, दाते आले की पाया पडावयास लावणे, खाऊच्या पुड्यासोबत छायाचित्रासाठी हसावयास लावणे, हीसुद्धा मोबदल्याचीच रूपे आहेत. घेणाऱ्याची मान खाली जाईल असे देणे हे आपल्या परंपरेत दान ठरत नाही. समरसता हा शब्द आपण वारंवार उच्चारतो. ज्याला आपण आपल्यातला मानतो, त्याच्याकडून आभाराची पावती कोणी घेत नाही.

सारगाछीचा पाहुणा

सारगाछीचे नाव आपल्या घराघरांत वेगळ्या संदर्भात परिचित आहे. १९३६ साली नागपूरचा एक तरुण प्राध्यापक तेथे गेला. काशी हिंदू विश्वविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवून आलेले, वकिलीचे शिक्षण पूर्ण केलेले माधवराव गोळवलकर मोक्षाच्या ओढीने बाबांच्या चरणी आले होते. तेथे त्यांच्या वाट्याला ध्यानधारणेपेक्षा शुश्रूषा अधिक आली. बाबांची प्रकृती ढासळत होती. तो विद्वान तरुण रात्रंदिवस त्या वृद्ध संन्याशाची सेवा करीत राहिला. जानेवारी १९३७ मध्ये त्याला दीक्षा मिळाली आणि पुढच्याच महिन्यात बाबा गेले. माधवराव नागपूरला परतले. पुढे १९४० मध्ये डॉ. हेडगेवारांच्या निधनानंतर सरसंघचालकपदाची धुरा त्यांच्या खांद्यावर आली.

श्रीगुरुजी सारगाछीला काही महिनेच राहिले. काळाच्या हिशेबाने तेही पाहुणेच. मग त्या वास्तव्याचे चीज कशामुळे झाले? ते तेथे काही दाखवावयास गेले नव्हते. जो कायम तेथे राहत होता, त्याच्या हाताखाली ते राहिले आणि समोर जे काम आले ते त्यांनी केले. परतल्यावर त्या अनुभवाच्या आठवणीत न रमता आयुष्य कामी लावले. म्हणजे अल्पकाळ जाणे व्यर्थ नसते. मात्र ते कोणाच्या तरी दीर्घकाळ राहण्याशी जोडलेले असावे लागते.

महाराष्ट्रातही हा धडा गिरवला गेला आहे. तुळजापूर तालुक्यातील यमगरवाडी येथे १९९३ साली भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी काम उभे राहिले. १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला आणि १९५२ मध्ये तो कायदा जाऊनही ज्यांच्या कपाळीचा शिक्का पुसला गेला नाही, त्या पारधी व अन्य समाजांतील मुले तेथे शिकली. गिरीश प्रभुणे यांनी त्याआधीची वर्षे पारधी वस्त्यांवर काढली होती. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा या कामाला तीन दशके होत आली होती. पोलिसांच्या धाकाने पाल उचलून रातोरात गाव सोडणाऱ्या कुटुंबातील मुलाला शाळेत बसवावयाचे, तर त्याला आधी एक गोष्ट पटावी लागते : ही माणसे उद्याही येथेच असणार आहेत. ही खात्री भाषणाने देता येत नाही, वर्षानुवर्षे तेथे राहूनच ती द्यावी लागते.

चार दिवस असलेल्यांनी काय करावे?

प्रत्येकाला चाळीस वर्षे देता येणार नाहीत. नोकरी आहे, संसार आहे, वृद्ध आईवडील आहेत. ज्याच्याजवळ वर्षातले चारच दिवस आहेत, त्यानेही काही पथ्ये पाळली तर ते चार दिवस सार्थकी लागतील.

पहिले पथ्य असे की दरवर्षी नवे ठिकाण शोधू नये. एकच संस्था, एकच वस्ती निवडावी आणि तेथेच जात राहावे. “पुन्हा येईन” असे मुलाला सहज सांगू नये. सांगितलेच तर त्या दिवशी, त्या वेळी पोहोचावे. आपण विसरतो, पण वाट पाहणारे मूल विसरत नाही.

दुसरे, तेथे कायम राहणाऱ्या कार्यकर्त्याचा भार हलका करावा. मुलांना त्या कार्यकर्त्याची गरज आहे, आणि त्याला मदतीची. हिशेब लिहून देणे, गळके छप्पर दुरुस्त करणे, विहिरीचा पंप चालू करणे, दात आणि डोळे तपासणाऱ्या डॉक्टरांना घेऊन येणे, स्वयंपाकघरातील ताईला आठवडाभर माहेरी जाता यावे म्हणून चुलीपुढे उभे राहणे, ही सारी सेवाच आहे. तिचे छायाचित्र चांगले येत नाही, एवढेच.

तिसरे पथ्य छायाचित्राचेच. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या ७४ व्या कलमानुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख माध्यमांतून उघड करण्यास मनाई आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी एक साधी कसोटी आहे. आपल्या स्वतःच्या मुलाचे, फाटक्या कपड्यांतले, दुसऱ्याच्या हातून खाऊ घेतानाचे छायाचित्र कोणी जगापुढे मांडले तर चालेल का? त्याचप्रमाणे “तुझे आईवडील कुठे असतात?” हा प्रश्न विचारू नये. मुलाला एकटे घेऊन कोठे जाऊ नये. आणि आपल्या मुलाचा वाढदिवस तेथे साजरा करण्यापूर्वी, ज्या मुलाला स्वतःची जन्मतारीखच ठाऊक नाही, त्याला त्या केकच्या तुकड्याची चव कशी लागत असेल, याचा विचार करावा.

चौथे आणि सर्वांत महत्त्वाचे. मुलाला संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय असावा, हे तत्त्व त्याच कायद्याने स्वीकारले आहे. मुलाचे पहिले घर त्याचे कुटुंब होय. पती गमावलेल्या एखाद्या मातेला आपले मूल घरीच ठेवता यावे, यासाठी महाराष्ट्र शासनाची बालसंगोपन योजना आहे. परंतु मजुरीला जाणाऱ्या त्या भगिनीला अर्ज भरता येत नाही. मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळेचे प्रमाणपत्र, बँकेचे खाते, यांसाठी कचेरीच्या खेपा घालावयाच्या तर रोज बुडतो. शहरातील सुशिक्षित कार्यकर्त्याने सुट्टीच्या चार दिवसांत अशा एका आईसोबत तहसील कचेरीच्या रांगेत उभे राहावे. एक अर्ज मंजूर झाला तर एक मूल आपल्या आईच्या कुशीत झोपेल. त्या मुलाला पुढे कोणत्याही अनाथालयात जाऊन पाहुण्यांची वाट पाहावी लागणार नाही.

आणि ज्यांना आयुष्याची काही वर्षे देणे शक्य आहे, अशा तरुणांना त्यांच्या पालकांनी अडवू नये. गरीब मुलांकरिता आपल्या मुलाने चार दिवस जावे, हे आपल्याला आवडते. त्याने चार वर्षे जातो म्हटले की आपण त्याला करिअरची आठवण करून देतो. समाजाला चार दिवसांचे पाहुणे पुष्कळ मिळतात. उणीव आहे ती थांबणाऱ्यांची, आणि ती आपल्याच घरांतून भरून निघावयास हवी.